कापलेली वेणी मुलाच्या डोक्यापर्यंत पोहोचावी म्हणून

कर्करोगाच्या उपचारांत केस गेलेल्या मुलांच्या विगसाठी केसदान करायचे मनात आले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी कात्री येते. किती कापायचे, कापल्यावर आपण दिसणार कसे, सासूबाई काय म्हणतील, याची चर्चा घरात आठवडाभर चालते, आणि केस कापून पिशवीत भरून झाल्यावर ते पाठवायचे कुठे याचा शोध सुरू होतो. हा क्रम नेमका उलटा आहे. आपल्या केसांचा विग होऊ शकेल की नाही हे कात्री लागण्याआधीच ठरलेले असते. केसांची लांबी किती आहे, त्यांवर कोणती रसायने लागलेली आहेत, कापताना ते पूर्ण कोरडे होते का, आणि कापल्यावर त्यांची मुळे एका बाजूला व शेंडे दुसऱ्या बाजूला राहिले का, या चार गोष्टींवर सारे अवलंबून असते. माझी पहिली वेणी यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींत नापास झाली.

झाले असे की पार्लरमधल्या ताईंनी नेहमीच्या सवयीने आधी केस धुतले, ओले असतानाच एकेक बट कापली आणि खाली पडलेल्या बटा गोळा करून मला प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिल्या. मीही ती पिशवी गाठ मारून कपाटात ठेवली आणि दहा दिवस विसरले. ऑगस्ट महिना होता. पिशवी उघडली तेव्हा कुबट वासाचा भपकारा आला आणि आत केसांचा गुंता झालेला होता. चौदा इंचांचे, कधीही रंग न लावलेले केस मला कचऱ्यात टाकावे लागले. दोष त्या ताईंना देता येणार नाही, कारण केस कशासाठी कापायचे आहेत हे मी त्यांना धड सांगितलेच नव्हते. दुसरी वेणी पाठवण्याजोगी वाढायला पुढे जवळजवळ तीन वर्षे गेली. ती तीन वर्षे कोणाची वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

केस मुळात का गळतात

केमोथेरपीची बरीच औषधे शरीरातील झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींवर काम करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच असतात, आणि डोक्यावरचे सुमारे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असल्यामुळे औषधाचा मारा त्यांच्यावरही होतो. डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, व्हिन्क्रिस्टीन ही लहान मुलांच्या उपचारांत नेहमी वापरली जाणारी औषधे केस गळवणारी आहेत. पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी उशीवर केस दिसू लागतात आणि मग थोड्याच दिवसांत पुंजकेच्या पुंजके हातात येतात. पुष्कळ पालक या टप्प्यावर मुलाचे केस स्वतःच बारीक कापून घेतात, कारण रोज सकाळी उशी झटकण्यापेक्षा ते बरे वाटते. उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत केस पुन्हा उगवू लागतात, कधी पूर्वीपेक्षा कुरळे, कधी वेगळ्या पोताचे. मेंदूला मोठ्या मात्रेत किरणोपचार द्यावे लागले असतील, तर मात्र त्या भागातले केस कायमचे विरळ राहू शकतात.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. त्याचे उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतात, मात्र त्यातला तीव्र औषधांचा भाग पहिल्या काही महिन्यांत येतो. शाळा सुटते ती याच काळात, आणि आरशाकडे पाहणे नकोसे होते तेही याच काळात.

आपल्याकडे या टकलाला आणखी एक पदर आहे. लहान मुलाचे डोके तुळतुळीत दिसले तर लोक जावळ काढले म्हणून कौतुक करतात; पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे दिसले तर घरात कोणी गेले का, असे लोकलमध्ये शेजारी बसलेला परका माणूसही सहज विचारतो. मुलीच्या बाबतीत तर प्रश्न विचारलाही जात नाही, नुसते पाहिले जाते. तपासणीसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येणाऱ्या आईला या नजरा चुकवत प्रवास करावा लागतो. विगचा मोठा उपयोग हाच, की रस्त्यावर, वर्गात, लग्नाच्या मांडवात हे पाहणे थांबते.

आधी संस्था, मग कात्री

प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात, त्यामुळे केस कोणाला द्यायचे हे ठरवल्याशिवाय पार्लरची वेळ घेऊ नये. मुंबईत ‘कोप विथ कॅन्सर – मदत ट्रस्ट’ ही संस्था देशभरातून केस स्वीकारते आणि कर्करुग्णांना मोफत विग देते. तिची किमान लांबीची अट १२ इंच आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना आपापल्या देशातच केस देणे सोयीचे पडते. अमेरिकेत १९८१ पासून काम करणारी ‘विग्ज फॉर किड्स’ ही संस्था १२ इंचांची अट घालते आणि रंगवलेले किंवा रसायनांची प्रक्रिया केलेले केस घेत नाही, तर १९९७ मध्ये सुरू झालेली ‘लॉक्स ऑफ लव्ह’ ही संस्था १० इंचांचे केस घेते. या दुसऱ्या संस्थेचे लाभार्थी सगळे कर्करुग्ण नसतात. चाई पडून सगळे केस गेलेली मुले त्यांत मोठ्या संख्येने असतात. ब्रिटनमधील हेरेफर्ड येथे २००६ मध्ये स्थापन झालेली ‘लिटल प्रिन्सेस ट्रस्ट’ ही संस्था २४ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना खऱ्या केसांचे विग मोफत देते. संस्था गरजेप्रमाणे आपल्या अटी बदलत असतात, म्हणून ज्या आठवड्यात केस कापायचे त्याच आठवड्यात संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन लांबी, रंग आणि पत्ता या तीन गोष्टी पुन्हा एकदा पाहून घ्याव्यात.

संस्थेला दोन प्रश्न अवश्य विचारावेत, आणि विचारताना संकोच करू नये. पहिला प्रश्न असा की विग लहान मुलांना मिळतात, मोठ्यांना मिळतात की दोघांनाही. आपल्याकडे विग मागणाऱ्यांत स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, आणि आपले केस एखाद्या चाळीस वर्षांच्या बाईच्या डोक्यावर गेले तर वाईट वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही. पण मुलासाठीच द्यायचे असा निश्चय असेल तर तो आधी बोलून घ्यावा. दुसरा प्रश्न असा की रुग्णाला विग विनामूल्य मिळतो का, आणि उरलेल्या किंवा आखूड निघालेल्या केसांचे काय केले जाते. काही संस्था असे केस विकून त्या पैशांतून विग बनवण्याचा खर्च भागवतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते दात्याला माहीत असावे.

केसांना बाजार आहे, हे विसरून चालणार नाही. गुंतवळ घेऊन त्याच्या बदल्यात फुगे किंवा भांडी देणारे फेरीवाले आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, आणि मुळे एका बाजूला राखून कापलेल्या लांब केसांना तर त्याहून कितीतरी पटींनी भाव मिळतो. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान रीतसर लिलाव करते आणि ते सर्वांना ठाऊक असते. आक्षेप असतो तो लपवाछपवीला. कोणी सोसायटीच्या आवारात किंवा महाविद्यालयात केसदानाचे शिबिर भरवले आणि केस पुढे कोणत्या संस्थेकडे जाणार हे नाव घेऊन सांगता येत नसेल, तर तिथे वेणी देऊ नये. संस्थेचे नाव सांगितले गेले, तर त्या संस्थेला एक फोन करून शिबिराची खात्री करून घ्यावी.

मोजमाप

डोक्यावरचा केस महिन्याला सरासरी अर्धा इंच, म्हणजे वर्षाला सुमारे सहा इंच वाढतो. तेव्हा १२ इंच वाढायला दोन वर्षे लागतात, आणि कापल्यानंतर मानेपर्यंत तरी केस उरावेत अशी इच्छा असेल तर तेवढी लांबी त्यात मिळवावी लागते. आज बॉबकट असलेल्या मुलीने ठरवले, तर आपण सव्वादोन-अडीच वर्षांचा संकल्प करत आहोत हे तिने जाणून असावे. ज्यांचे केस आधीच कमरेपर्यंत आहेत त्यांचे काम अर्थातच सोपे.

माप घ्यायचे ते डोक्यावरच्या मुळापासून नव्हे, तर जिथे कात्री चालणार त्या ठिकाणापासून शेंड्यापर्यंत. येथे फार जणांची फसगत होते. शिंप्याची टेप घ्यावी, केस पाठीवर मोकळे सोडावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगावे, कारण स्वतःच्या पाठीवर टेप धरताना मान वळते आणि इंच-दीड इंचाचा फरक सहज पडतो. कुरळे केस हलकेच ताणून सरळ करून मोजावेत. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले, म्हणजे लेयर केलेले केस असतील, तर मोजायची ती सर्वांत आखूड पायरी. सर्वांत लांब बट पंधरा इंचांची असली तरी आखूड बटा आठ इंचांच्या असतील, तर विंचरताना त्या गळून बाजूला पडणार आहेत. केस वाढवण्याचे ठरवल्यावर लेयर कट शक्यतो करूच नये. फाटे फुटू नयेत म्हणून चार-सहा महिन्यांनी शेंड्यांची अर्धा इंच छाटणी केली तरी चालते. आणि संस्थेने बारा इंच सांगितले असेल तर आपण तेरा इंच द्यावेत, कारण रबराच्या खाली-वर कात्री थोडी हलतेच.

एवढी लांबी कशाला, असा प्रश्न पडतो. विग बनवताना प्रत्येक केस जाळीतून ओवून दुमडतात आणि गाठ मारतात, म्हणजे त्याचा काही भाग गाठीतच जातो. पुन्हा कारागिराला शेवटी विग डोक्यावर बसवून कापून आकार द्यायचा असतो. बारा इंचांचा केस असा कमी होत होत मुलीच्या खांद्याच्या वरच राहतो. मुलींना तर बहुधा वेणी घालता येईल एवढे केस हवे असतात, त्यामुळे जितके लांब तितके बरे.

कोणते केस चालतात

कधीही रंग, ब्लीच किंवा रासायनिक सरळीकरण न केलेले केस सर्वत्र चालतात. ब्लीच केलेले केस जवळजवळ कुठेच चालत नाहीत, कारण ब्लीचमुळे केसातील रंगद्रव्याबरोबर प्रथिनांची वीणही कमकुवत होते आणि पुढे विग बनवताना धुणे, निर्जंतुक करणे, रंग जुळवणे या प्रक्रियांत ते तुटून जातात. हायलाइट केलेल्या चार बटा हेही ब्लीचच असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. साध्या काळ्या रंगाबद्दल, स्मूदनिंगबद्दल आणि पार्लरमधल्या केराटिन ट्रीटमेंटबद्दल संस्थांची मते वेगवेगळी आहेत, तेव्हा ते विचारून घ्यावे आणि खरे सांगावे.

मेंदीचा मुद्दा आपल्या घरांमध्ये हमखास येतो. मेंदी नैसर्गिक असली तरी तिच्यातील रंगद्रव्य केसातील केराटिन या प्रथिनाला पक्के चिकटते, धुऊन जात नाही, आणि नंतर वेगवेगळ्या दात्यांच्या केसांचा रंग एकसारखा करताना मेंदीचे केस वेगळे उठून दिसतात. बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत तर पुष्कळदा मेंदीपेक्षा रासायनिक रंगच अधिक असतो. केसदान करायचे असेल तर दोन वर्षे मेंदीला सुट्टी द्यावी आणि हौस हातांवर भागवावी. पांढऱ्या केसांचे नियम सगळीकडे सारखे नाहीत; थोडे पांढरे केस असले म्हणून बहुतेक ठिकाणी नकार मिळत नाही.

तेलाबद्दल काळजीचे कारण नाही. वाढवण्याच्या काळात खोबरेल तेल खुशाल लावावे, फक्त शेवटच्या आठवड्यात लावू नये. डोक्यात उवा असतील तर आधी त्यांचा पुरता बंदोबस्त करावा; शाळकरी मुलींच्या बाबतीत हे लाजून लपवण्यापेक्षा महिनाभर उशीर झालेला परवडला. झोपताना केस सैल वेणीत बांधावेत, ओले असताना कंगवा ओढू नये, रोजच्या रोज हेअर ड्रायर आणि इस्त्री वापरू नये. बाकी खास आहार, महागडी तेले वगैरे यांच्या मागे लागण्याचे प्रयोजन नाही.

विंचरताना कंगव्यात येणारी गुंतवळ वर्षभर साठवून पाठवावी का, असे काही आज्या विचारतात. कष्टाने साठवलेली असली तरी ती विगसाठी घेतली जात नाही. याचे कारण समजले की केस कसे कापायचे हेही आपोआप समजते, म्हणून ते जरा तपशिलाने सांगते.

एक केस आणि दोन बोटे

डोक्यावरचा एक लांब केस ओढून घ्यावा. मूळ डाव्या हाताच्या चिमटीत धरावे आणि उजव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत केस पकडून बोटे मुळाकडून शेंड्याकडे न्यावीत. बोटे सरसर घसरत जातात. आता तोच केस शेंड्याला धरून बोटे उलटी, मुळाकडे न्यावीत. बोटे अडखळतात, केस किंचित खरखरीत लागतो आणि कानाजवळ धरला तर बारीक कुरकुर ऐकू येते. केसाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म थर असतात आणि त्या सगळ्यांची तोंडे शेंड्याकडे असतात. डोक्यावर सगळे केस एकाच दिशेने वाढतात म्हणून हे खवले एकमेकांत अडकत नाहीत. पण कापलेले केस जमिनीवर पडले, काहींची मुळे खाली आणि काहींची वर झाली, तर उलटसुलट केसांचे खवले एकमेकांत रुततात आणि अशा केसांचा विग चार वेळा घातला-काढला की त्याची गुंतवळच होते. कारखान्यांत असे मिश्र केस आम्लात बुडवून त्यांचे खवले काढून टाकतात, मग त्यांवर सिलिकोनचा मुलामा देतात; तो मुलामा काही धुण्यांत उतरतो आणि केस निस्तेज होतात.

म्हणून केस आधी बांधायचे आणि मग कापायचे, कापायचे ते रबराच्या वर, आणि डोक्यावरून सुटल्यापासून पाकिटात जाईपर्यंत ती जुडी हातातून सोडायची नाही.

कापण्याचा दिवस

आदल्या दिवशी सकाळी शाम्पूने केस स्वच्छ धुवावेत. कंडिशनर लावल्यास पूर्ण निथळून काढावा. सीरम, जेल, स्प्रे काही लावू नये. मग केस वाऱ्यावर वाळू द्यावेत आणि निदान एक रात्र जाऊ द्यावी. जाड केसांच्या मानेजवळच्या भागात ओल किती वेळ दडून राहते याचा अंदाज वरून हात फिरवून येत नाही, तो केसांत बोटे खोल घालून येतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत पावसाळ्याचे दिवस असतील तर दोन दिवस धरावेत, किंवा सरळ दिवाळीनंतरचा मुहूर्त काढावा.

पार्लरमध्ये किंवा सलूनमध्ये फोन करतानाच सांगावे की हे केस दान करायचे आहेत, ते धुवायचे नाहीत, पाणी मारायचे नाही, आणि आधी बांधून मग कापायचे आहेत. खुर्चीवर बसल्यावर हेच पुन्हा सांगावे. पाण्याची फवारणी करण्याची सवय हाताला इतकी मुरलेली असते की बोलता बोलता बाटली उचलली जाते; मी दुसऱ्या वेळी ती बाटली स्वतःच उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

सगळे केस मागे घेऊन एकच जाड पोनी बांधण्याचा मोह टाळावा. कपाळाजवळच्या केसांना मानेपर्यंत येण्यातच पाच-सहा इंच खर्ची पडतात, त्यामुळे एकाच पोनीत पुढचे केस आखूड आणि मागचे लांब असे भेसळीचे माप मिळते, शिवाय डोक्यावर उरणारा कटही ओबडधोबड येतो. मधोमध भांग पाडून आणि कानापासून कानापर्यंत आडवी रेघ काढून केसांचे चार भाग करावेत. केस दाट असतील तर सहा करावेत. प्रत्येक भाग विंचरून जिथे कापायचे तिथे रबराने घट्ट बांधावा, दुसरे रबर मध्यावर आणि तिसरे शेंड्यापासून दोन इंचांवर लावावे. वेणी घालायची असल्यास सैल घालावी. संस्था म्हणत असेल तर न घालता तशीच पोनी ठेवावी. यानंतर प्रत्येक जुडीवर टेप लावून शेवटचे माप घ्यावे. माप कमी भरत असेल, तर अजूनही उठून घरी जाता येते आणि चार महिन्यांनी परत येता येते. कापल्यावर काहीच करता येत नाही.

कात्री वरच्या रबराच्या अर्धा इंच वर, डोक्याच्या बाजूने चालवावी. कोरड्या केसांची जुडी एका झटक्यात कापली जात नाही. कात्री कचकच करत थोडी थोडी पुढे सरकते आणि सुटण्याच्या क्षणी सगळे वजन एकदम हातात येते. तेवढ्यात ती जुडी निसटू नये म्हणून कापणाऱ्याने दुसऱ्या हाताने रबराखाली घट्ट धरून ठेवावे. चारही जुड्या कापून कागदावर एका दिशेने मांडून झाल्या की मग केस धुवावेत, पाणी मारावे, हवा तसा कट करून घ्यावा. मानेवर पंख्याचे वारे लागते ते पहिले दोन दिवस चमत्कारिक वाटते.

बांधणी आणि पाठवणी

घरी आल्यावर जुड्या वर्तमानपत्रावर सावलीत तासभर ठेवाव्यात. कापलेल्या टोकाच्या रबरावर एक लाल दोरा बांधावा, म्हणजे उघडणाऱ्याला मुळांची बाजू लगेच कळते. विगच्या कामाची माहिती असलेला माणूस केस चाचपून ती ओळखतोच, पण पाकीट पहिल्यांदा उघडणारी व्यक्ती स्वयंसेवक असते. प्रत्येक जुडी आधी पांढऱ्या कागदात लांबच लांब गुंडाळावी, घडी घालू नये, आणि मग सगळ्या जुड्या बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात. सोबत एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यात दात्याचे नाव, फोन, केसांची लांबी, कधी रंग किंवा मेंदी लावली असल्यास किती महिन्यांपूर्वी, एवढे असले की पुरे. जाड पाकिटात घालून स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावतीवरचा क्रमांक जपून ठेवावा. संस्था प्रमाणपत्र देत असेल तर त्यासाठी दोन-तीन महिने वाट पाहण्याची तयारी असावी. तिथले बहुतेक काम हौसेचे हात करत असतात.

संस्थेत केस लांबीनुसार आणि छटेनुसार वेगळे होतात. मग ते उभ्या खिळ्यांच्या पाटावरून ओढून विंचरले जातात, तेव्हा आखूड केस गळून पडतात. त्यानंतर धुणे, निर्जंतुक करणे, आणि शेवटी टोपीसारख्या जाळीवर बसवणे. हाताने बनवलेल्या विगमध्ये बारीक आकड्याने एकेक, दोन-दोन केस ओवून गाठ मारली जाते आणि अशा हजारो गाठी असतात. एका विगला साधारण सहा ते दहा जणांचे केस लागतात, म्हणजे ‘माझे केस अमुक मुलीच्या डोक्यावर’ असे कोणालाच म्हणता येत नाही. आमच्या पिढीला विग म्हटले की नाटकातला टोप आठवतो, किंवा अंबाड्यातले गंगावन. परंतु हलक्या, घाम शोषणाऱ्या जाळीवर हाताने विणलेली ही वस्तू त्या दोहोंपेक्षा फार नाजूक आणि फार महाग असते. केस फुकट मिळाले तरी कारागिराचे दिवस फुकट मिळत नाहीत. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी चिठ्ठीबरोबर विगच्या मजुरीसाठी थोडी रक्कमही संस्थेच्या खात्यात भरावी.

लहान दाते

सात-आठ वर्षांच्या मुलीचे केस दान करण्याकडे अलीकडे कल वाढला आहे, वाढदिवसाचे निमित्त साधून तर फारच. हेतू चांगला असतो, पण निर्णय मुलीचा असावा. माझ्या भाचीने टीव्हीवर पाहून हट्ट धरला तेव्हा तिच्या आईने तिला कात्री दाखवली, कापल्यावर केस कुठपर्यंत राहतील ते खांद्यावर बोट ठेवून दाखवले आणि परीक्षेनंतर पुन्हा विचारू म्हणून सांगितले. परीक्षेनंतर ती नको म्हणाली. तो विषय तिथेच संपला; पुढच्या वर्षी ती आपणहून तयार झाली. मुलगे केस वाढवत असतील तर शाळेला आधी पत्र द्यावे, आणि मुलाला चिडवले जाणार हे गृहीत धरून त्याच्याशी बोलून ठेवावे. केस कापतानाचे त्याचे फोटो हवे तेवढे काढावेत. रुग्णालयात जाऊन विग घातलेल्या मुलाबरोबर फोटो काढण्याची मागणी मात्र कधीही करू नये.

केस पुरेसे लांब नसतील तर

विग सगळ्याच मुलांना हवा असतो असे नाही. चार-पाच वर्षांची मुले टकलाची फारशी पर्वा करत नाहीत, मे महिन्याच्या उकाड्यात विग डोक्यावर ठेवतही नाहीत, आणि नाजूक झालेल्या टाळूला मऊ सुती टोपीच बरी वाटते. विगची ओढ जास्त असते ती वयात येणाऱ्या मुलांना आणि मुलींना. तेव्हा ज्यांचे केस रंगवलेले आहेत किंवा सहा इंचांवर थांबले आहेत त्यांनी शिवण नसलेल्या सुती टोप्या, मऊ रुमाल रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारून द्यावेत. १९४१ पासून परळला उभ्या असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून मुले येतात, आणि त्यांतील अनेक कुटुंबांना राहायची जागा हीच पहिली अडचण असते. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ ही संस्था अशा कुटुंबांची विनामूल्य सोय करते. केमोथेरपीत मुलांच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तकणिका, वारंवार उतरतात, आणि रक्तपेढीत प्लेटलेट फक्त ५ दिवस टिकतात. १८ वर्षांवरील निरोगी माणसाला त्या देता येतात.

माझी दुसरी वेणी, म्हणजे तेरा इंचांच्या चार जुड्या, लाल दोऱ्यांसह पोस्टात पडल्या तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी पाकीट चाचपून आत काय आहे असे विचारले. केस, असे सांगितल्यावर त्यांनी माझ्या मानेकडे पाहिले, पाकीट वजनावर ठेवले आणि काही न बोलता पावती फाडून दिली. ती पावती अजून चिठ्ठ्यांच्या डब्यात आहे, आणि आज मोजले तर केस पुन्हा नऊ इंचांवर आले आहेत.